यंत्र नाही म्हणतं, तेव्हा विचारायचं कोणाला?

प्रश्न : ताई, सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. उभं आयुष्य चार घरची धुणीभांडी केली, बोटांच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. त्यांचं रेशन कार्ड वेगळं आहे, त्यावर त्या एकट्याच. मशीनवर अंगठा ठेवला की जुळतच नाही. दुकानदार म्हणतो, “बा, मशीन लेतुं नथी, हुं शुं करुं?” दोन महिने धान्य मिळालेलं नाही. हे म्हणतात, कंप्युटरशी कसलं भांडायचं? खरंच काही करता येत नाही का?
— एक सून, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : येतं. आधी धान्याचं बोलते. वय झालं की कातडी कोरडी पडते, कामाने रेषा झिजतात, हे काही नवीन नाही. म्हणूनच आधारची व्यवस्था पाहणाऱ्या प्राधिकरणाने ऑक्टोबर 2017 मध्ये लेखी कळवलं, की बोट जुळलं नाही तर ओटीपीसारखा दुसरा मार्ग द्या, तोही जमला नाही तर आधार कार्ड पाहून, अपवादांच्या वहीत नोंद करून धान्य द्या. पुढच्या खेपेला सासूबाईंबरोबर तुम्ही जा. बाकीची बोटंही लावून बघा. नाहीच जुळलं तर वहीत नोंद करायला सांगा. दुकानदार तयार झाला नाही, तर साध्या कागदावर तारीख घालून अर्ज लिहा, पुरवठा खात्याच्या झोनल ऑफिसात द्या आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी सांगितलेला आहे, एक प्रत त्यांना. आणि आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने देऊन या.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते मला जास्त लागलं, कारण हल्ली ते सगळीकडे ऐकू येतं.

मी रावपुऱ्यातल्या एका बँकेत नोकरी केली. हाताने लिहायच्या लेजरमध्ये प्रत्येक नोंदीपुढे कारकुनाची आणि अधिकाऱ्याची छोटी सही असे. खात्यात शंभर रुपये कमी दिसले की ग्राहक पासबुक घेऊन येई, आम्ही पान उघडून सही बघत असू, आणि सही करणारा चार टेबलांपलीकडे बसलेला असे. 1983 मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, मागोमाग लेजर पोस्टिंगची, म्हणजे खात्यातल्या नोंदी करणारी यंत्रं आली. आमच्या सभांमध्ये तेव्हा एकच विषय, नोकऱ्या जाणार का. ती सही कुठे जाणार, हा विषय कधी निघाला नाही. यंत्राने आमचे कष्ट वाचवले. ताळा जुळत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत बसणं संपलं, ते मी विसरणार नाही. पण “सिस्टिम दाखवत नाही” हे वाक्यही काउंटरवर तेव्हापासूनच ऐकू येऊ लागलं. ते म्हणणारा माणूस लबाड नसतो. पडद्याच्या पलीकडे कोण आहे, हे त्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या दुकानदाराचं तेच झालंय.

हे कुठवर जाऊ शकतं ते ब्रिटनमध्ये दिसलं. बडोद्यातल्या कितीतरी घरांचे नातलग तिकडे दुकानं चालवतात, त्यांना विचारा. पोस्टाच्या बऱ्याच शाखाही तिथे असे दुकानदारच चालवतात. 1999 पासून त्या पोस्टात होरायझन नावाची हिशेबाची संगणक प्रणाली बसवली गेली. तिच्यातल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. यंत्र बरोबर, म्हणजे पोस्ट चालवणारा चोर, असं धरून 2015 पर्यंत 900 हून अधिक लोकांना दोषी ठरवलं गेलं. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा 2010 मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला 2021 उजाडलं. तिथल्या संसदेला 2024 मध्ये खास कायदा करून असे निकाल पुसावे लागले. मला यातली सर्वांत क्रूर गोष्ट वाटते ती ही, की मदतीसाठी फोन करणाऱ्या अनेकांना सांगितलं जाई, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

म्हणून सूनबाई, त्याच दुकानाच्या रांगेत आणखी कोणाकोणाचे अंगठे जुळत नाहीत, ते विचारा. धुण्याभांड्याच्या बायका, गवंडी, म्हातारेकोतारे, बरेच निघतील. अर्ज एकत्र द्या. नकार कोणत्या अधिकाऱ्याचा, हे त्यात लेखी मागा. यंत्राच्या नावावर नकार द्यायचा कोणालाही अधिकार नाही.

प्रश्न : नोकरीसाठी आलेले अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवतेय. साहेब म्हणतात, यंत्राला जात, धर्म, बाई, पुरुष काही कळत नाही, म्हणून निवड निःपक्ष होईल. मला खात्री वाटत नाही.
— एक अभियंता, अलकापुरी, बडोदे

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. ॲमेझॉनने असंच साधन करायला घेतलं होतं. शिकवायला दहा वर्षांचे जुने अर्ज दिले, त्यातले बहुतेक पुरुषांचे. मग अर्जात “महिलांच्या बुद्धिबळ क्लबची कप्तान” असं काही दिसलं की गुण कमी होऊ लागले. ते साधन गुंडाळावं लागलं, 2018 मध्ये बातमी बाहेर आली. साहेबांना विचारा, आपण यंत्राला ज्या जुन्या निवडी शिकवतोय, त्या कोणी केल्या होत्या? आडनाव काढून टाकलं तरी पत्ता आणि शाळा बरंच काही सांगतात.

आणि एक काम तुमच्या हातात आहे. नकारापुढे कारणाची एक ओळ आणि जबाबदार माणसाचं नाव आलंच पाहिजे, अशी रचना सुचवा. उमेदवाराने मागणी केली तर त्याचा अर्ज माणसाने पुन्हा वाचायचा, हेही. मान्य झालं नाही तर तुमची हरकत ईमेलने लेखी कळवा.