४४९ युरोंचं मशीन आणि सकाळचा एक कप

प्रश्न: काका, नमस्कार. मी फोंड्याची, सध्या ड्रेस्डेनला एम.एस. करते आहे. शैक्षणिक कर्ज आहे, व्याज १०.२५ टक्के. विद्यापीठाच्या दिवशी सकाळी ट्रामच्या थांब्याजवळ ३.६० युरोंची कॅपुचिनो घेते, दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, वर्गातल्या मुलांबरोबर १.६० युरोंची कॉफी. घरी करावी म्हणून सगळ्यात स्वस्त पावडर आणली होती, पण ती घशाखाली उतरत नाही. अर्धा पुडा तसाच पडून आहे. आता एक ऑटोमॅटिक मशीन ४४९ युरोंना मिळतंय, बारा हप्ते, व्याज शून्य. बाहेरची कॉफी थांबली तर चार महिन्यांत पैसे वसूल! आई म्हणते, मशीन कशाला, मी कोणाबरोबर तरी तीन किलो पावडर पाठवते. कोणाचं ऐकू?

उत्तर: आईचं अर्धं ऐक. मशीनचं मुळीच ऐकू नकोस, निदान या वर्षी तरी.

तुझी बेरीज बरोबर आहे. रोजचे ५.२० युरो, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ११४ युरो आणि थोडे सेंट. ४४९ भागिले ११४, चार महिने. पण त्या भागाकारात एक गोष्ट तू गृहीत धरली आहेस, की मशीन आलं की दोन्ही कप थांबतील. दुपारचा थांबणार नाही, बाय. तो कॉफीचा नाहीच. परक्या गावात चार ओळखीची माणसं एका टेबलावर बसतात, त्या टेबलाचं ते १.६० युरो भाडं आहे आणि मला ते महाग वाटत नाही. महिन्याचे ३५ युरो तिथे जाऊ देत.

उरला सकाळचा कप. त्याचे महिन्याला ७९ युरो. सुट्ट्या वगळून वर्षाचे नऊ महिने धरले तर दोन वर्षांत सव्वाचौदाशे युरो होतात. हिशेबाला सोपा म्हणून युरो शंभर रुपयांचा धरू, म्हणजे एक लाख बेचाळीस हजार रुपये. तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, दर महिन्याला सुटणारे ९९२ युरो ही तुझी कमाई नव्हे. वर्षाचे ११,९०४ युरो बँकेने कर्ज म्हणून दिले आणि तेच तुला हप्त्याहप्त्याने परत मिळताहेत. म्हणजे ट्रामच्या थांब्यावरची कॅपुचिनो तू १०.२५ टक्क्यांनी घेतेस. शून्य टक्क्यांचं मशीनही त्याच पैशातून. दुकानदार व्याज घेत नसेल, फोंड्यातली बँक घेतेच आहे.

म्हणून सकाळचा कप घरी यायला हवा, यात वाद नाही. तो कसा यावा एवढाच प्रश्न आहे, आणि इथे तू एक चूक करून बसली आहेस. परदेशी गेलेली आमची बहुतेक मुलं तीच करतात. दुकानात उभं राहून युरोचे रुपये केलेस आणि सगळ्यात स्वस्त पुडा उचललास. तो आवडला नाही, म्हणून पडून राहिला. आणि तो आवडला नाही म्हणूनच रोज ३.६० युरो जाताहेत. त्या पुड्यावर वाचलेले दोन-तीन युरो एका सकाळीच संपले. घरच्या कॉफीच्या बाबतीत ‘चांगली’ आणि ‘परवडणारी’ या दोन वेगळ्या अटी नाहीत. जी प्यावीशी वाटते तीच परवडते.

कपाचा हिशेब मांडून बघ. पाव लिटरच्या मगाला साधारण १५ ग्रॅम कॉफी लागते. सुपरमार्केटमधल्या बऱ्यापैकी बिया १६ युरो किलो धरल्या तर कपाला २४ सेंट. गावातल्या छोट्या रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडून, ९ युरोंचा पाव किलो घेतलास तर ५४ सेंट. दोन्हींत दुधाचे बारा सेंट घाल. म्हणजे एक कप ३६ सेंटना, दुसरा ६६ सेंटना, आणि थांब्यावरचा ३६० सेंटना. साध्या आणि उत्तम कॉफीत रोज ३० सेंटचा फरक, महिन्याचे विद्यापीठाचे दिवस धरले तर ६ युरो ६० सेंट. कुठे काटकसर करायची आणि कुठे नाही, हे या तीन आकड्यांवरून कळतं. कॅप्सूलच्या, म्हणजे यंत्रात घालायच्या एका कपाच्या बंद डब्यांच्या, वाटेला मात्र जाऊ नकोस. साडेपाच ग्रॅमची कॅप्सूल चाळीस सेंटना घेतलीस तर कॉफी जवळपास ७३ युरो किलोने पडते. आमच्या घरीही असं एक यंत्र आहे, मुलाने हौसेने आणलेलं. त्याच्या कॅप्सूल म्हापशाच्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून सध्या त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर गणपती आहे.

जर्मनीत कॉफीवर वेगळा कर आहे, त्याची धास्ती मुलं घेतात. भाजलेल्या कॉफीवर तो किलोला २.१९ युरो, इन्स्टंटवर ४.७८. ऐकायला मोठा वाटतो, पण तुझ्या १५ ग्रॅमच्या कपावर तो तीन सेंटच्या आसपास येतो. उलट दुकानातल्या कॉफीवर मूल्यवर्धित कर ७ टक्के आणि कॅफेत बसून घेतलेल्या काळ्या कॉफीवर १९ टक्के, हे जास्त लक्षात ठेव. कॉफीवर डोळा ठेवणारं सरकार तिथे नवं नाही. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७८१ मध्ये घरी कॉफी भाजायला बंदी घातली आणि रस्त्यांवर वास घेत फिरणारे शिपाई नेमले. लोक चिकोरीकडे, एका झाडाच्या भाजलेल्या मुळांच्या पुडीकडे, वळले. आपल्या फिल्टर कॉफीतली चिकोरी आपण अस्सल दाक्षिणात्य समजतो, पण तिची पाळंमुळं युरोपातल्या अशाच ओढाताणीत आहेत.

चेक प्रजासत्ताकात हा कर नाही आणि ड्रेस्डेनहून सीमा जवळ आहे. युरोपियन युनियनमधल्या देशातून स्वतःसाठी दहा किलोपर्यंत कॉफी आणता येते. प्रागला फिरायला गेलीस तर एखादा पुडा जरूर आण. कॉफीसाठी तिकीट मात्र काढू नकोस, किलोमागे सव्वादोन युरोंच्या बचतीत तिकीट निघत नाही.

दर आता वाढलेले दिसतील, त्याला तुझं दुकान जबाबदार नाही. ब्राझीलमधला दुष्काळ आणि व्हिएतनामचं घटलेलं पीक यांमुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका जातीच्या कॉफीने पौंडाला चार डॉलरचा आकडा ओलांडला होता. तरीही जर्मन सुपरमार्केटांच्या आठवड्याच्या जाहिरातपत्रकात कॉफी वरचेवर सवलतीत येते. सवलतीत बियांचे दोन पुडे घे. सहा घेऊ नकोस, विद्यार्थ्याच्या खोलीत साठेबाजी म्हणजे शिळी कॉफी. आणि पुड्यावर रोबस्टा ही दुसरी जात लिहिलीय म्हणून नाक मुरडू नकोस. भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचाच, आपल्या उडुपी हॉटेलातल्या दाट फिल्टर कॉफीतही ती असते. तुझ्या स्वस्त पुड्याचा दोष बहुधा जातीचा नाही. दळून झालेली पावडर, फोडलेला पुडा आणि त्यावर गेलेले महिने, एवढं कोणत्याही कॉफीला पुरतं.

रोस्टरकडे गेलीस तर ‘मान्सून्ड मलबार’ आहे का, विचार. कारवारच्या खाली, मंगळूरच्या किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोदामं उघडी ठेवून कच्च्या बिया पावसाळी वाऱ्यावर फुगवतात, तीच ही. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून युरोपात पोचेपर्यंत बिया दमट होऊन पिवळट पडायच्या आणि युरोपियनांना त्याच चवीची सवय लागली होती. पुढे प्रवास जलद झाला, चव गेली, म्हणून ती किनाऱ्यावरच तयार करू लागले. आंबटपणा अगदी कमी असल्यामुळे दूध घालून पिणाऱ्या आपल्यासारख्यांना ती मानवते. महाग पडेल. महिन्याला एक पाव किलो घे, माझी हरकत नाही.

आता साधनांचं. जर्मन लोक कागदी फिल्टर वापरतात आणि तो तुझ्याच गावचा आहे. मेलिटा बेंट्झ नावाच्या ड्रेस्डेनच्या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीचा टीपकागद आणि भोकं पाडलेलं पितळी भांडं वापरून तो शोधला. आज प्लॅस्टिकची साधी गाळणी आणि कागदांचं पाकीट मिळून दहा युरोंच्या आत बसतं. पहिल्या महिन्यात एवढंच घे. ग्राइंडरही नको. रोस्टरला सांगितलंस तर तो कागदी फिल्टरसाठी दळून देतो, पाव किलो दोन-तीन आठवड्यांत संपव. महिनाअखेरीस थांब्यावरचा खर्च खरंच उतरला का, ते खात्याच्या स्टेटमेंटवर बघ. मनाला विचारू नकोस, मन खोटं बोलतं.

उतरला असेल, तर त्या महिन्यात साधारण साठ युरो हातात राहिलेले असतील. त्यातून हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घे, ५० युरोंच्या आसपास. बिया ऐनवेळी दळल्या की साध्या सुपरमार्केटच्या कॉफीचीही चव सुधारते, आणि मग रोस्टरवरचे जास्तीचे पैसे तुझे तूच कमी करशील. मोका पॉट, म्हणजे चुलीवर ठेवायचं इटालियन कॉफीचं भांडं, घ्यावासा वाटला तर आधी चूल बघ. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा लागेल.

म्हणजे मशीनच्या ४४९ ऐवजी साठ युरो लागतात, आणि कप तोच थांबतो. उरलेल्या ३८९ युरोंचे ३८,९०० रुपये झाले. तेवढं कर्ज कमी असलं तर वर्षाला जवळपास चार हजार रुपये व्याज वाचतं. लगेच भारतात पाठव असं म्हणत नाही, आधी तिथे दोन महिन्यांचा खर्च बाजूला राहू दे. हप्त्यांची आणखी एक गोष्ट. एखादा हप्ता चुकला तर तिथल्या पतनोंदीवर, शुफावर, डाग राहू शकतो, आणि उद्या खोली बदलताना घरमालक पहिला तोच कागद मागतो. शिवाय आठ-नऊ किलोंचं ते धूड प्रत्येक खोलीबदलात कोण उचलणार? पुढच्या वर्षी पगारी विद्यार्थी-नोकरी लागली आणि तरीही मशीन हवंसं वाटलं, तर क्लाइनअनझायगेन या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर शिक्षण संपवून परतणाऱ्यांची मशीनं बघ. चालू करून, कॉफी काढून दाखवायला सांग. खाजगी विक्रेता हमी नाकारू शकतो.

राहिली आई. तीन किलो पावडर तिने सातशे रुपये किलोने घेतली तरी तुझे वाचणार २७ युरो, आणि दुसऱ्याच्या बॅगेतली तीन किलो जागा गेली. शेवटचा किलो उघडशील तेव्हा पहिल्याचा वास आठवत बसशील. पार्सलने पाठवायचा विचार असेल तर भेटवस्तूची करमाफी ४५ युरोंपर्यंतच आहे आणि कुरियरचा खर्च कॉफीपेक्षा जड होईल. पावडरीपेक्षा त्या जागेत सोलं आणि सुकी तिरफळं येऊ देत, ती तुला तिथे कोणी देणार नाही. तूप आणि पेढे पाठवायचं तिच्या मनात असेलच. तिला सांग, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील.

चिकोरी घातलेला एक अर्धा किलोचा पुडा मात्र येऊ दे. चतुर्थीला तिथे गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी नसेल, वाडीतली आरती नसेल, त्या सकाळी जर्मन गाळणीची कॉफी पुरणार नाही. ते नफ्यातोट्याच्या वहीत मी लिहीत नाही.

आणि घरातला स्टीलचा फिल्टर मागव. वजन नगण्य, वीज लागत नाही, कागद लागत नाही. चिकोरी नसलेल्या कॉफीतून पाणी पटकन खाली उतरतं आणि काढा पातळ होतो, तेव्हा त्याच्यासाठी ग्राइंडरवर जरा बारीक दळ, पावडर थोडी जास्त घे आणि वरून दाबून बसव. फिल्टर पाठवताना आत दाबायची ती दांडीची छत्री आहे ना, ती ओट्यावरच राहून जाते. आईला फोनवर आठवणीने सांग.