ओपीडीत नव्याने बसणाऱ्या समुपदेशक मैत्रिणीला

ठाण्यात तरुणांच्या ओपीडीला रुजू झालीस, फार बरं वाटलं. सगळ्या प्रश्नावल्या आत्ताच पाठ करत बसू नकोस. आधी एवढं सांभाळ.

थेट विचार: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट मुलं मोकळी होतात. पण आधी आईवडिलांना बाहेर बसव. आई शेजारी असली की पोरगी "काही नाही, अभ्यासाचं टेन्शन" म्हणते आणि ओढणीचं टोक पिळत राहते. जिवाला धोका दिसला तर घरी सांगावं लागेल, हेही तिला सुरुवातीलाच सांग.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- "पुन्हा असं करणार नाही" असं लिहून घेणं. त्याने जीव वाचत नाही. त्याऐवजी तिच्याच शब्दांत सुरक्षेचा आराखडा कर: त्रास वाढतोय हे कशावरून कळतं, तेव्हा काय करायचं, फोन कुणाला. "मन रमवीन" नको. "मावशीबरोबर तलावपाळीला चक्कर" असं नेमकं हवं. शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास चालतो.
- घरातली औषधं कुलपात ठेवायला सांगायचं विसरणं.
- पुढची तारीख देऊन मोकळं होणं. दोन-तीन दिवसांत तूच फोन कर. ओपीडी सकाळची, कॉलेजही सकाळचं; आली नाही म्हणून फाईल बंद करू नकोस.

पालक पोलिसांना घाबरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ त्यांना समजावून सांग: जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं, उलट सिद्ध झालं नाही तर, धरलं जातं आणि तिच्यावर खटला किंवा शिक्षा होत नाही.

धोका आत्ताचा वाटला तर तिला एकटं सोडू नकोस, डॉक्टरांना तिथेच बोलावून घे.