फॉर्ममधल्या त्या रकान्यात काय लिहू?

प्रश्न थोडक्यात: मारामारीच्या केसमध्ये आयपीसी कलम 325 (जबर दुखापत) खाली दोन वर्षांची शिक्षा पूर्ण भोगून बाहेर आलो. गेले काही महिने कॉन्ट्रॅक्टरमार्फत एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये काम करतोय, आता कंपनी स्वतःच्या रोलवर घेतेय. फॉर्ममध्ये विचारलंय, 'आपल्याला कधी शिक्षा झाली आहे का?' सुपरवायझर म्हणतो, 'नाही' टाक, कोण बघतंय. काय करू?

'नाही' टाकू नका. सुपरवायझरचा हेतू चांगला असेल पण उद्या पोलीस व्हेरिफिकेशन झालं की तो हात वर करणार आणि सही तुमची असणार. शिक्षा तुम्ही भोगून झालात, ती संपली, पण खोटं लिहिलंत तर त्याचा हिशोब नव्याने सुरू होतो. करार कायद्याच्या कलम 19 प्रमाणे खोटं सांगून मिळवलेला करार समोरच्याला रद्द करता येतो, म्हणजे पाच वर्षांनी तुम्ही नीट सेटल झालेले असताना पण कंपनी हेच कारण काढू शकते.

आता कडू भाग. 'हो' लिहिलंत म्हणून नोकरी द्यायलाच हवी असं काही नाही. इंग्लंडमध्ये 1974 पासून कायदा आहे की ठरावीक काळ गेला की बऱ्याच शिक्षा सांगायची गरजच राहत नाही, आपल्याकडे तसं काही नाही (असायला हवं असं माझं मत, पण मतावर केस चालत नाही). सरकारी नोकरीबद्दल सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग प्रकरणात 2016 मध्ये सांगितलंय की माहिती खरीच द्यायची, आणि खरी दिली तरी नेमायचं की नाही हे मालक ठरवू शकतो. किरकोळ गुन्हा असेल तर दुर्लक्ष करता येतं असंही त्यातच आहे. कोणी तुम्हाला प्रोबेशन कायद्याचं कलम 12 दाखवेल (दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही असं सांगणारं), ते कोर्टाने बाँडवर किंवा समज देऊन सोडलेल्यांसाठी, तुमच्यासाठी नाही.

पण विचारलंय तेवढंच लिहा. रकाना शिक्षेचा आहे, तर अटकेची तारीख, भांडण कशावरून झालं, समोरचा कसा वाईट होता हे काही नको. एवढंच टाका: 'हो. आयपीसी कलम 325, दोन वर्षे, शिक्षा पूर्ण भोगली. निकालाची प्रत सोबत.' निकालाची सर्टिफाइड कॉपी कोर्टाच्या नक्कल विभागातून काढा, जेलमधून सुटकेचा दाखला घ्या, आत कारखान्यात काम केलं असेल तर त्याचंही लेखी मागा. मधल्या दोन वर्षांसाठी कुणाच्या ओळखीने खोटं एक्सपिरियन्स लेटर आणू नका, तो सरळ नवा गुन्हा आहे. आणि फॉर्म देण्याआधी एचआरला जाऊन तोंडाने सांगा, सोबत आत्ताच्या सुपरवायझरकडून हजेरी आणि कामाबद्दल दोन ओळी लिहून घ्या, 'नाही टाक' म्हणण्यापेक्षा त्याची खरी मदत ही होईल.

अपील चालू असेल तर एक गोष्ट. शिक्षेला स्थगिती म्हणजे दोष पुसला गेला असं नाही, उत्तर तरीही 'हो'च, फक्त पुढे 'अपील प्रलंबित' लिहा.

नाही घेतलं तर केलेल्या कामाचा पगार आणि पीएफ कोणी अडवू शकत नाही, पगार अडवला तर लेबर ऑफिसात, पीएफ अडवला तर पीएफ ऑफिसात अर्ज करा. बऱ्याच जणांसारखं मग सिक्युरिटी गार्डकडे वळू नका, 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात शिक्षा झालेल्याला गार्ड म्हणून घ्यायला मनाई आहे, ट्रेनिंगचे पैसे फुकट जातील. भरलेल्या फॉर्मचा फोटो मात्र स्वतःकडे ठेवा, तुम्ही खरं सांगितलं होतं याचा तोच पुरावा.