वाचक विचारतात : घंटा गेल्या कुठे?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या जेफ मिल्सवर अर्धं पान लिहिलं होतं, की हा माणूस १९६३ चा जन्म, ऐंशीच्या दशकात तिथल्या रेडिओवर 'द विझर्ड' नावाने रेकॉर्डी फिरवायचा आणि अजूनही टेक्नोच (यंत्रांवर केलेलं नाचायचं संगीत) करतोय, पण त्याचा पहिला अल्बम आणि अलीकडचा अल्बम शेजारी ठेवले तर एकाच माणसाचे वाटत नाहीत. अर्ध्या पानात काय सांगून होणार, त्यामुळे पत्रं आली, मेल आले, एकाने तर व्हॉट्सअॅपवर साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला (पुढच्या वेळी लिहून पाठवा राव). म्हणून या महिन्यात दुसरा विषयच नाही.

*दादा, तुमचं वाचून मी मिल्सचा 'मेट्रोपोलिस' लावला आणि वीस मिनिटांत झोपलो. टेक्नोवर नाचतात ना? खरं सांगायचं तर मला घंटा कळलं नाही. कुठून सुरुवात करू? — इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, सांगली*

अरे, तू दार सोडून माळ्यावरून घरात शिरलास. 'मेट्रोपोलिस' हा २००० सालचा अल्बम, फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या मूकपटाला मिल्सने नवीन संगीत दिलं त्यातला. समोर पडदा नाही, कारखान्यातले ते मान खाली घालून चालणारे कामगार नाहीत, नुसताच आवाज, तर झोप लागणारच, त्यात तुझी चूक नाही.

तू 'लाइव्ह अॅट द लिक्विड रूम' पासून सुरू कर. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोतल्या क्लबात रेकॉर्ड केलेला सेट (रेकॉर्डीला रेकॉर्ड जोडत सलग वाजवलेला कार्यक्रम), बाजारात आला १९९६ मध्ये. तीन टर्नटेबल, आणि एखादी रेकॉर्ड दोन मिनिटं वाजली तरी खूप झालं अशा वेगात तो त्या बदलतो. हे पॉलिश केलेलं काम नाहीये. एक ठेका दुसऱ्यावर चढताना क्षणभर घसरतो, घोड्यांच्या टापा मागेपुढे झाल्यासारखं होतं, आणि मग बोटाने तबकडी जराशी रेटून तो त्याला जागेवर आणतो, ते सगळं ऐकू येतं. आजकाल सॉफ्टवेअर ठेके आपोआप जुळवून देतं त्यामुळे ही घसरण कुठे मिळत नाही, आणि मला विचारशील तर त्या सेटचा जीव त्या घसरण्यातच आहे. मी पहिल्यांदा ऐकलं ते मित्राने दिलेल्या कॉपी सीडीवर, ट्रेनमध्ये, आणि एकच तुकडा इतक्या वेळा फिरत राहिला की सीडीवर ओरखडा आहे असं समजून मी ती बाहेर काढून शर्टाला पुसली, परत घातली, तरी तेच! शेजारचे काका म्हणाले, अडकलीये वाटतं. पुढचा अर्धा तास मला नक्की सांगता येत नव्हतं की अडकलीये की नाही.

त्यानंतर 'द बेल्स' ऐक, १९९७ चा, त्याच्याच पर्पज मेकर या लेबलवरचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीवरचा. घंटेसारखा एक छोटासा तुकडा, खाली धाडधाड किक (मोठ्या ड्रमचा ठोका), बाकी जवळजवळ काही नाही. तुला घंटा कळलं नाही ना, आता कळेल.

*'वेव्हफॉर्म ट्रान्समिशन'चा भाग १ आणि भाग ३ माझ्याकडे आहेत, भाग २ मिल्सच्या नावाने शोधून थकलो. काढलाच नाही का त्याने? — रेकॉर्ड जमवणारा, कोथरूड*

तुम्ही चुकीच्या नावाने शोधताय. भाग २ मिल्सचा नाहीच, तो रॉबर्ट हूडचा, 'द व्हिजन' या नावाने १९९३ मध्ये आलेला. भाग १ हा १९९२ चा आणि भाग ३ हा १९९४ चा, हे दोन मिल्सचे, तिन्ही बर्लिनच्या ट्रेझोर लेबलवर. (ट्रेझोर म्हणजे जर्मनमध्ये तिजोरी, आणि हे लेबल ज्या क्लबचं तो क्लब खरोखरच एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत १९९१ मध्ये सुरू झाला. भिंतीवर लॉकर तसेच, आणि मध्ये लोक नाचतायत.)

मिल्स आणि हूड दोघं आधी माइक बँक्सबरोबर 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या डेट्रॉइटच्या बंडखोर टेक्नो गटात होते, म्हणजे तालीम एकाच आखाड्यातली. भाग १ ऐकलात तर तिथला संताप अजून कानाला लागतो, सगळं तव्यावर टाकल्यासारखं तडतडतं, जागाच सोडलेली नाही कुठे. भाग ३ येईपर्यंत मिल्स वस्तू काढून टाकायला लागलाय. हूड या बाबतीत त्याच्याही पुढे गेला, १९९४ चा त्याचा 'मिनिमल नेशन' तर जवळपास हाडंच. तो मिल्सच्या अॅक्सिस लेबलवरच निघाला होता.

आणि जमवणारे आहात तर १९९२ चा 'एक्स-१०२ डिस्कव्हर्स द रिंग्स ऑफ सॅटर्न' बघा, या तिघांचा एकत्र. तबकडी म्हणजेच शनी आणि तिच्यावरच्या खाचा म्हणजे त्याची कडी अशी सगळी कल्पना. म्हणजे अवकाशाचं वेड मिल्सला म्हातारपणी लागलं असं जे बोलतात त्यांनी ही रेकॉर्ड हातात घेऊन बघावी.

*आमच्या गोव्यात जे वाजायचं तेच हे ना? — म्हापसा*

नाही हो. भावकी आहे पण घर वेगळं. डेट्रॉइटचं टेक्नो ऐंशीच्या दशकात हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन यांच्याकडून आलं, मोटारींचे कारखाने बंद पडत चाललेल्या शहरातून, आणि त्याचा स्वभाव कोरडा. गोवा ट्रान्स हणजुणच्या किनाऱ्यावरच्या रात्रभराच्या पार्ट्यांतून वर आला, त्यात सुरावटीचे थरावर थर, वळणं, पहाटेचा हिशोब. मिल्सच्या सेटमध्ये सूर्योदयाची सोय नसते. बाकी आपल्याकडच्यांना अभिमानच हवा असेल तर मुंबईच्या चरणजित सिंग यांचा १९८२ चा रागांचा डिस्को अल्बम काढा, रोलँड या जपानी कंपनीची ३०३ (बेस वाजवणारं) आणि ८०८ (ठेका धरणारं) ही दोन्ही यंत्रं त्यात आहेत आणि ऐकताना ते इतकं पुढच्या काळातलं वाटतं की आपोआप तारीख परत तपासली जाते.

*आम्ही नव्वदच्या दशकात न्यू यॉर्कला शिकत असताना मिल्सवर रात्र-रात्र नाचलोय. आता त्याचे अल्बम लावले की ग्रह, चंद्र, ऑर्केस्ट्रा. 'द बेल्स'मधल्या घंटा गेल्या कुठे? सभ्य झाला की थकला? — न्यू जर्सी*

तुमची चिडचिड समजते, माझीही झाली होती. पण 'थकला' हा शब्द मला मान्य नाही.

बदल कुठे झाला ते माझ्या मते २००५ च्या २ जुलैला दिसतं. दक्षिण फ्रान्समध्ये पाँ द्यु गार नावाचा रोमन काळातला दगडी जलसेतू आहे, त्याच्या पायथ्याशी त्याने मोंपेलियेच्या ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम केला, 'ब्लू पोटेन्शियल' नावाने तो २००६ मध्ये बाहेर आला. तुमच्या घंटा तिथे आहेत, 'द बेल्स' पूर्ण ऑर्केस्ट्रावर. लोक आनंदाने ओरडतात. आणि तरी मला तो ऐकताना लग्नात शेरवानी घालून बसवलेल्या पैलवानाची आठवण येते, छान दिसतोय पण दंड कुठे ठेवू ते त्याला कळत नाहीये. ऑर्केस्ट्राने टेक्नोची नक्कल करायची आणि टेक्नोने गप्प बसायचं असा तो मामला.

बारा वर्षांनी, २०१७ मध्ये 'प्लॅनेट्स' आला आणि तिथे त्याने चूक दुरुस्त केली. जुनी गाणी व्हायोलिनवर चढवली नाहीत, मुळातच ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं, पोर्तोच्या सिम्फनीबरोबर, आणि मला सगळ्यात आवडतात ते ग्रह नाहीत तर एका ग्रहावरून दुसऱ्यावर जातानाचे मधले तुकडे, काहीच घडत नाही आणि तरी आपण कुठेतरी जातोय. आपल्या घाटात दोन गावांच्या मधला रस्ता कसा लक्षात राहतो तसं. २०१९ चा 'मून', चांद्रमोहिमेला पन्नास वर्षं झाली तेव्हाचा, तो मला अर्धाच पटला. आणि २००९ च्या 'स्लीपर वेक्स'पासून पुढे इतके अल्बम झाले की काही ठिकाणी गोष्ट कव्हरवर जास्त आणि रेकॉर्डीत कमी आहे, हे मी त्याचा भक्त असून सांगतोय. एखाद्या संपादकाने अर्धे परत पाठवायला हवे होते, पण लेबल त्याचं स्वतःचं, परत पाठवणार कोण.

नाचायचंच असेल तर तुम्ही त्याचे अल्बम सोडा आणि त्याचा क्लबमधला सेट ऐका. ती दोन कामं त्याने वेगळी केलीत. अल्बममध्ये नाचवायचं ओझं त्याने केव्हाच उतरवून ठेवलंय.

*सर, मी तबला शिकतेय, चौथं वर्ष. मैत्रिणीने मिल्सचा ड्रम मशीन वाजवतानाचा व्हिडिओ दाखवला. बटणं दाबणं याला वादन म्हणायचं का? आणि त्याच्याबरोबर हल्ली तबला असतो म्हणे, ते फ्यूजनचं फॅड का? — नाशिक*

या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, त्यामुळे जरा लांब लिहितो.

ते यंत्र म्हणजे रोलँडचं टीआर-९०९, १९८३ मध्ये जपानमध्ये निघालं, फार विकलं गेलं नाही आणि लवकरच बंद झालं. खाली एका ओळीत सोळा बटणं. सोळा म्हटल्यावर तुझ्या डोक्यात तीनताल आला असेल, पण थांब, ते सोळा म्हणजे सोळा मात्रा नव्हेत, ती चार मात्रांची चौगुन आहे. किक साधारण प्रत्येक मात्रेवर, म्हणजे पहिलं, पाचवं, नववं आणि तेरावं बटण, आणि मधल्या जागा हायहॅट (झांजांची जोडी), क्लॅप (टाळी), टॉम (छोटा ड्रम) यांच्या. वर प्रत्येक आवाजाला त्याची बटणं, किती जोरात, किती खोल, किती वेळ घुमायचं.

आता बघ, या गणितात तालातली 'खाली' नाही. सगळ्या टाळ्या भरीच. मग मिल्स काय करतो तर किकचा आवाज हाताने बंद करतो. एक आवर्तन, दोन आवर्तनं, चार आवर्तनं नुसता हायहॅट चालू, लोकांचे पाय हवेत राहतात, आणि मग किक परत सोडतो ती अशा ठिकाणी की अख्ख्या हॉलची मान एकदम खाली येते. तुझ्या गुरुजींनी समेवर येतानाची जी मजा तुला शिकवली असेल ती हीच. २००४ ची त्याची 'एक्झिबिशनिस्ट' नावाची डीव्हीडी आहे, त्यात त्याचे हात नीट दिसतात, ती बघ. त्याची बोटं थरथरत नाहीत, घाई नाही, एक बटण दाबून झालं की बोट तिथेच क्षणभर ठेवतो, तबल्यावर 'घे' दाबून धरतात ना, तसं. तर हो, मी त्याला वादन म्हणतो.

पण एकल वादन. जवळपास तीस वर्षं तो ९०९ वर एकटाच पेशकार-कायदे-रेले करत होता असं समज, नगमा धरणारं कोणी नाही आणि साथ करायला समोर कोणी नाही. यंत्राला दुसऱ्याचं ऐकायची गरज कधी पडलीच नाही, बाकीच्यांनी त्याच्या मागे यायचं.

ते मोडलेलं मला ऐकू आलं २०१८ मध्ये. टोनी अॅलन, लागोसचे, फेला कुटींच्या मागे बसून ज्यांनी आफ्रोबीटचा ठेका घडवला ते ड्रमर, त्यांच्याबरोबर मिल्सने 'टुमारो कम्स द हार्वेस्ट' नावाची छोटी रेकॉर्ड केली. अॅलन एकच गोष्ट दोनदा सारखी वाजवत नाहीत. त्यांचा स्नेअर जरा मागे रेलून येतो, किक भलत्याच ठिकाणी पडते, आणि ९०९ ची घड्याळी चाल त्याच्याशेजारी सुरुवातीला अगदी शाळेच्या ड्रिलसारखी वाटते. मग ऐकता ऐकता लक्षात येतं की मिल्स कमी कमी वाजवतोय. किक बाजूला काढली, हायहॅट बारीक केला, कुठे नुसता एक टॉम. साथीदार गायकाला जागा देतो तसं तो जागा देतोय. वेव्हफॉर्म भाग १ मध्ये सुईच्या टोकाएवढी जागा न सोडणारा हाच माणूस! माझ्यासाठी त्याच्या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोठी उडी ही आहे, ऑर्केस्ट्रा नाही आणि चंद्रही नाही.

अॅलन २०२० मध्ये पॅरिसमध्ये वारले. मिल्सने नाव तेच ठेवलं आणि कीबोर्डवर जाँ-फी दारी आणि तबल्यावर प्रभू एदुआर यांना घेऊन पुढे चालू ठेवलं, २०२३ चा 'इव्होल्यूशन' हा त्यांचा. एदुआर हे पंडित शंकर घोषांचे शिष्य, त्यामुळे फॅडची भीती नको, वर शोभेला ठेवलेला तबला नाहीये तो. मला काही ठिकाणी वाटलं की बाकी दोघं त्यांच्याशी जास्तच अदबीने वागतायत, जरा भांडा की असं म्हणावंसं वाटतं. तू ऐकताना असं कर, तबल्याकडे लक्षच देऊ नकोस, ते तुझे कान आपोआप करतील. ९०९ चा हायहॅट कधी उघडतो आणि कधी मिटतो तेवढंच पकड, आणि मग मला लिही की कोण कोणाला साथ करतंय. मला अजून दोन ठिकाणी ठरवता आलेलं नाही.

*मोबाईलवर ऐकलं तर चालेल का? सोसायटीत स्पीकर लावला की चेअरमन येतात. — ठाणे*

मोबाईलच्या स्पीकरवर ९०९ ची किक उरतच नाही, वरची टिकटिक तेवढी येते आणि मग घरचे विचारतात घड्याळ बिघडलंय का. कानावर बसणारे हेडफोन घ्या, साधे चालतील. आणि चेअरमन आलेच तर त्यांना 'प्लॅनेट्स' लावा, आमच्याकडचे पंधरा मिनिटं बसले आणि चहा घेऊन गेले.