लग्न आठ महिन्यांवर आहे, पत्रिका नंतर छापणार. पाहुण्यांना तारीख आत्ताच कळवावी का?

तुम्ही लिहिलंय की हॉल ठरला, लग्नाला आठ महिने आहेत, पत्रिका शेवटच्या दीड-दोन महिन्यांत निघतील. तोवर तारीख सांगावी का, किती आधी, कोणाला आणि कशी? आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत, आत्तापासून बोभाटा कशाला.

सांगा. आजपासून सांगायला लागा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना हे उत्तर वाचायला द्या, कारण यातलं निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

मी आयसीयूत नर्स आहे, सत्तावीस वर्षं झाली. आमच्याकडे पुढच्या महिन्याचं रोस्टर आधीच्या महिन्याच्या २५ तारखेला बोर्डावर लागतं. एकदा ते लागलं की आपल्या जागी दुसरी सिस्टर उभी राहिल्याशिवाय हलता येत नाही. व्हेंटिलेटरवरचा पेशंट कोणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय सोडता येत नाही, मग घरी काहीही असो.

२०१७ च्या मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न होतं. थोरल्या भावाची मुलगी. वहिनीच्या दुखण्यात ती दोन वर्षं माझ्याकडे राहिली होती, चौथी आणि पाचवी. रोज सकाळी तिच्या दोन वेण्या मी घालायचे आणि वेण्या घालता घालता पाढे म्हणून घ्यायचे. दादाचा फोन आला २८ एप्रिलला रात्री. "२१ मेला लग्न आहे. पत्रिका आत्ताच छापून आल्या, म्हटलं पहिला फोन तुला करावा." आवाजात इतका आनंद होता की मीही आधी खूशच झाले. मग सहज विचारलं, हॉल कधी घेतला? म्हणाला, "हॉल होय? तो नोव्हेंबरातच घेतला की."

म्हणजे सहा महिने त्याला माहीत होतं. स्थळ कधी आलं, कधी ठरलं, सगळं मला माहीत होतं. तारीख विचारली की "कळवतो रीतसर" एवढंच उत्तर यायचं. मला वाटायचं अजून ठरली नसेल.

मेचं रोस्टर तीन दिवसांपूर्वीच लागलं होतं. २० तारखेची नाइट माझी. तिघींच्या रजा आधीच मंजूर झालेल्या. त्यातली एक स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला चालली होती आणि तिने अर्ज जानेवारीत दिला होता, कारण तिला जानेवारीत सांगितलं होतं. मी एकेकीला विचारत फिरले. जिला शक्य होतं तिच्या घरी लहान मूल तापाने फणफणलेलं. शेवटी इन्चार्ज सिस्टरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "अगं, सख्ख्या भाचीचं लग्न, आणि तू आधी बोलली का नाहीस?" मी म्हटलं, मलाच माहीत नव्हतं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला खोटं बोलताना पकडल्यासारखं झालं, आणि मी तर खरं बोलत होते.

नाइट करून निघाले. आठला हँडओव्हर, साडेआठची बस, साडेसहा तासांचा रस्ता. लग्न साडेअकराला लागलं. मी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. हॉलमध्ये दोन पोरं प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीकडे ढकलत होती. त्यातला एक मला म्हणाला, "मावशी, कार्यक्रम संपला." भाची आतल्या खोलीत आरशासमोर बसून केसांतल्या पिना काढत होती. टेबलावर काळ्या पिनांचा छोटा ढीग. मला आरशात बघितलं आणि म्हणाली, "आत्या, मला वाटत होतं तुला नोव्हेंबरपासून माहीत आहे. तरी तू रजा काढली नाहीस, याचंच मला वाईट वाटत होतं." मी मागे उभी राहून उरलेल्या पिना काढल्या. दोघी काही बोललो नाही. दहा मिनिटांनी तिला निघायचं होतं.

दादाशी त्यावरून मी आजवर किती वेळा भांडले असेन. त्याचं म्हणणं तीन मुद्द्यांचं आहे आणि तुमच्या घरातलेही तेच म्हणत असतील. एक, पक्कं झाल्याशिवाय तोंडातून काढू नये. तारीख बदलली तर चार लोकांत हसं होतं. दोन, आठ महिने आधी सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं? तीन, एकाला सांगितलं की दहाजणांना कळतं, मग ज्यांना बोलवायचं नाही तेही विचारायला लागतात.

पहिल्याला माझं उत्तर साधं आहे. हॉलची आगाऊ रक्कम भरून पावती हातात घेतलीत ना? मग पक्कं झालं. पावती ही पत्रिकेपेक्षा पक्की असते. हॉलवाल्याच्या तोंडी होकारावर मात्र कोणालाही तारीख सांगू नका, आईलाही नाही. दादा २०२० चा दाखला देतो, कोविडमध्ये जगभर किती लग्नांच्या तारखा फिरल्या ते. फिरल्या हे खरं. पण ज्यांनी आधी सांगून ठेवलं होतं त्यांच्याजवळ नावांची आणि नंबरांची यादी तयार होती, त्यांना नवी तारीख त्याच रस्त्याने कळवता आली.

दुसरा मुद्दा मला पटतच नाही. मोकळा असलेला माणूस विसरेल कदाचित, त्याने तीन आठवडे आधी ऐकलं तरी तो येतोच. ज्याला रजा मागावी लागते तो विसरत नाही. नर्स, पोलीस, ड्रायव्हर, कारखान्यात पाळीने जाणारे, ज्यांच्या मुलांची परीक्षा आहे ते, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि दोन दिवसांसाठी कोणाला तरी बसवून यावं लागतं ते. पत्रिकेच्या वेळी सांगणं हे फक्त मोकळ्या माणसांसाठी पुरेसं असतं. हे दादाला मी तोंडावर सांगितलंय.

२०२२ मध्ये माझ्या मुलाचं लग्न होतं, ४ डिसेंबरला. हॉलची पावती फेब्रुवारीच्या शेवटी मिळाली आणि मी त्याच आठवड्यात सांगायला बसले. शंभर पानी वही घेतली, तीन रकाने आखले: नाव, कळवलं, काय म्हणाले. जवळच्या चाळीसेक माणसांना फोन केले, बाकीच्यांना मेसेज. आणि तिथे मी एक चूक केली ती तुम्ही करू नका.

मेसेजमध्ये मी तारीख ०४/१२/२०२२ अशी आकड्यांत लिहिली. माझा मामेभाऊ वीस वर्षं अमेरिकेत आहे. तिकडे महिना आधी लिहितात, दिवस नंतर. त्याने ती १२ एप्रिल वाचली. त्याला वाटलं, जेमतेम सहा आठवडे राहिलेत! त्याने धावपळ करून एप्रिलमधली दहा दिवसांची रजा मंजूर करून घेतली, तिकिटं बघायला बसला आणि दर बघून मला फोन केला, "ताई, इतक्या घाईत का उरकताय, सगळं ठीक आहे ना?" नशीब, तिकीट काढायच्या आधी फोन केला. नुसतं 'रविवार' हा एक शब्द मी लिहिला असता तरी तो थांबला असता, कारण १२ एप्रिल २०२२ ला मंगळवार होता. हा घोळ जगात इतका जुना आहे की १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ नावाचं मानकच काढलं गेलं, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहायचं. पण पाहुण्यांना मानक शिकवत बसू नका. महिना अक्षरांत लिहा आणि वार लिहा: रविवार, ४ डिसेंबर २०२२.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना मेसेज परत पाठवला. तो असा होता: "चिरंजीवांचं लग्न रविवार, ४ डिसेंबर २०२२ रोजी ठरलं आहे. तुम्ही दोघांनी आणि मुलांनी यायचं आहे. रजा, प्रवास यांचं बघता यावं म्हणून आत्ता सांगते आहे. वेळ आणि जागा पत्रिकेत कळवेन." यात गावाचं नावही होतं. हॉलचं नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं, आणि बरं झालं, कारण ऑगस्टमध्ये त्या हॉलचं छताचं काम निघालं आणि आम्हाला त्याच दिवसासाठी त्याच गावात दुसरा हॉल घ्यावा लागला. दादा लगेच म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?" पण पाहुण्यांपैकी एकालाही काही बदलावं लागलं नाही. त्यांना दिवस आणि गाव एवढंच ठाऊक होतं, आणि ते दोन्ही तसंच राहिलं.

"तुम्ही दोघांनी आणि मुलांनी" हे शब्दही मुद्दाम होते. कोणी कोणी यायचं ते पहिल्याच निरोपात येऊ दे. नाहीतर लोक विचारायला संकोचतात, आणि मग एकतर एकटेच येतात किंवा सगळं घर घेऊन येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर एक माहीत असू दे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण घालता येतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. नवा फोन घेतलेल्या काकांना, नंबर कधीच सेव्ह न केलेल्या शेजाऱ्यांना तो जाणारच नाही, आणि तुम्हाला वाटेल की कळवलं. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तर टाकूच नका. अर्ध्यांनी ग्रुप म्यूट केलेला असतो, आणि जे बघतात त्यांना वाटतं आपल्याला वेगळं सांगायची गरज यांना वाटली नाही. साठीच्या पुढच्या प्रत्येकाला फोनच करा. दोन मिनिटांचं काम असतं.

किती आधी, असंही तुम्ही विचारलंय. सहा ते आठ महिने बहुतेकांना पुरतात. परदेशातून कोणी यायचं असेल तर त्यांना नऊ-दहा महिने आधी सांगा. विमान कंपन्यांची तिकिटं साधारण अकरा महिने आधी विक्रीला येतात, म्हणजे सांगून काही वाया जात नाही. आणि लग्नच दुसऱ्या देशात करणार असाल तर पाहुण्यांच्या व्हिसाचा हिशोब तुम्ही करायचा, पाहुण्यांवर टाकायचा नाही. युरोपातल्या शेंगेन देशांचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचं, उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२० पासून तिथल्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला एरवी १५ दिवस लागतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. त्याच्याही आधी अर्ज द्यायला अपॉइंटमेंट मिळायला हवी. पत्रिका मिळाल्यावर त्या माणसाने हे सगळं कधी करायचं? परत येण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किती उरते तेही त्यांना आत्ताच बघायला सांगा.

आता दादाचा तिसरा मुद्दा. यात तो बरोबर आहे, आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तारीख कळवलेल्या माणसाला नंतर यादीतून काढता येत नाही. तुम्ही त्याला दिवस राखायला सांगितलात आणि पत्रिका दिली नाहीत, तर ते कधीही न सांगण्याहून वाईट. म्हणून काहीही झालं तरी जे यादीत राहणारच आहेत, अशांनाच आत्ता सांगा. ऑफिसातले, ओळखीचे, 'बघू' वाले पत्रिकेच्या वेळी. यादी दोन्ही घरांनी एकत्र बसून करा, नाहीतर एका घरचे पाहुणे आठ महिने आधी आणि दुसऱ्या घरचे दीड महिना आधी असं होतं आणि त्यावरून रुसवे निघतात. आणि आत्ता कोणाकडूनही पक्कं उत्तर मागू नका. आठ महिन्यांनंतरचं कोणालाच सांगता येत नाही. येणार की नाही हे पत्रिका गेल्यावर, शेवटच्या सहा आठवड्यांत विचारा. तारीख सांगितली म्हणजे बोलावणं झालं असंही समजू नका. पत्रिका किंवा फोन पुन्हा करावाच लागतो, नाहीतर माणसं खरंच वाट बघत घरी बसतात.

सगळ्यात आधी मात्र तुमच्या ओळखीत पाळीने ड्युटी करणारं जे कोणी आहे त्याला फोन करा. घरातल्यांचं एकमत होण्याची वाट त्याच्या बाबतीत बघू नका.

माझ्या मुलाच्या लग्नाला भाची आदल्या दिवशीच आली होती, तिच्या मुलीला घेऊन. दादा आठ दिवस आधी. भांडण काही मिटलं नाही, लग्नघरातही एकदा झालंच.

गेल्या वर्षी दादाच्या धाकट्या मुलाचं ठरलं. मला फोन आला लग्नाच्या सात महिने आधी, पत्रिकेचा पत्ता नसताना. फोन वहिनीचा होता. ती तारीख सांगत होती आणि मागून दादाचा आवाज आला, "तिला वार पण सांग." मी त्याच आठवड्यात रजेचा अर्ज दिला.