माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेतून परदेशी गेले होते, असे घरात सांगतात. त्यांची नोंद कुठे सापडेल?

आधी एक गोष्ट पक्की करा: ते इंग्रजांच्या फौजेत होते की शिंदे सरकारच्या? आमच्या ग्वाल्हेरच्या 'लष्कर' भागातल्या बऱ्याच मराठी घरांत हा फरक पुसला गेला आहे आणि शोध तिथेच अडतो. संस्थानी शिपाई महाराजांचा नोकर. लढाईपुरता तो 'इम्पीरियल सर्व्हिस ट्रूप्स' म्हणून इंग्रजांच्या हाताखाली जाई. म्हणून त्याचे कागद दोन ठिकाणी विखुरलेले असतात. इंग्रजांच्या पलटणींच्या याद्या चाळत बसलात तर तो भेटणारच नाही.

दुसरी गोष्ट पलटण. ग्वाल्हेरची माणसे काही एकाच आघाडीवर गेली नाहीत. ३ री ग्वाल्हेर पायदळ पलटण, खरे तर अर्धीच, पूर्व आफ्रिकेत गेली आणि नोव्हेंबर १९१४ च्या, टांगा या बंदरावरच्या लढाईतल्या फौजेत होती. त्या लढाईत इंग्रजांची बाजू संख्येने कितीतरी मोठी असूनही सपशेल हरली. ग्वाल्हेरची दुसरी तुकडी मात्र ३२ व्या इम्पीरियल सर्व्हिस ब्रिगेडमध्ये, अलवर आणि पतियाळाच्या पलटणींबरोबर, सुएझ कालव्याच्या राखणीला होती. शिवाय सामान वाहणारी ट्रान्सपोर्ट कोर होती. चित्राल आणि तिराहच्या मोहिमांपासून ती नावाजलेली. घरात 'आफ्रिका' म्हणतात की 'मिसर' (इजिप्त), एवढे जरी आजीकडून कळले तरी अर्धे काम झाले.

पलटण ठरवायचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे पदक. त्या युद्धाच्या चांदीच्या गोल पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हेच मागच्या बाजूला असते. अडचणीच्या काळात कितीतरी घरांतली ही चांदी सोनाराकडे गेली, याचे मला फार वाईट वाटते. तुमच्याकडे असेल तर चिंच-राख लावून घासू नका. कडेची अक्षरे झिजली की पुरावा संपला. पदक काशाचे असेल तर ते खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी अशांपैकी कुणाचे असण्याचा संभव जास्त. त्यांनाही शोधायचेच असते. घरचे 'शिपाई' म्हणत असले तरी हरकत नाही.

पणजोबा तिकडेच वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. तिथे आडनाव टाकू नका, पलटणीचे नाव टाका. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले, अनेकदा आडनावाशिवाय, त्यामुळे एकाच नावाची चार स्पेलिंगे निघतात. कित्येक नोंदींत बापाचे आणि गावाचे नाव असते, त्यावरून माणूस ओळखावा. परत आलेल्यांची नावे मात्र तिथे नसतात.

ते जिवंत परतले असतील तर पलटणीच्या मागे जा. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात युद्धदैनंदिन्या 'डब्ल्यूओ ९५' या वर्गात आहेत. यादी घरबसल्या चाळता येते. साध्या शिपायाचे नाव त्यात क्वचितच येते, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती, किती आजारी पडले, रसद पोचली की नाही, हे कळते. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ पाहा. संस्थानी फौजांचा पत्रव्यवहार परराष्ट्र आणि राजकीय विभागात सापडतो.

पंजाबच्या सैनिकांच्या मोठ्या नोंदवह्या हल्ली ऑनलाइन आल्या आहेत. त्या पंजाबपुरत्या आहेत, तिथे वेळ घालवू नका. पेन्शनचे कागद रुमालात बांधलेले निघाले आणि ते मोडीत असले तर आधी मोडी वाचणारा गाठा, मगच पुढचा अर्ज करा.

पदकाच्या कडेवरची अक्षरे जशीच्या तशी, नंबरासकट, इथे लिहिलीत तर पलटण कोणती ते शोधून द्यायला मी नक्की मदत करेन.