पाळीचा रविवार

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. येत्या हंगामात शर्यतींच्या सरावाला अधिक वेळ हवा, म्हणून आपल्या शिडाच्या होड्यांच्या क्लबच्या पाळ्यांतून, म्हणजे सेफ्टी बोटीवरच्या (शर्यतीत मदतीला असणाऱ्या इंजिनाच्या बोटीवरच्या) आणि स्टार्ट लाईनवरच्या रविवारांतून, तुला सूट मिळावी अशी तुझी विनंती आहे. कृष्णेच्या एवढ्याशा पात्रात, मधूनच मरून जाणाऱ्या वाऱ्यात शीड हाकून पुढे काय साधणार, त्यापेक्षा मोठ्या पाण्यावर गेलेले बरे, अशी शंकाही तू विचारली आहेस. तुझी महत्त्वाकांक्षा मला आवडते आणि तुझ्या हाताला सुकाणूचा अंदाज आहे, हेही मी पाहिले आहे. तरी माझे उत्तर असे आहे की सूट मागू नकोस. जमल्यास या हंगामात इतरांपेक्षा एखादी पाळी जास्तच घे. असे का म्हणतो, ते सविस्तर लिहितो.

मोठ्या पाण्याचे आधी पाहू. समुद्राकाठी जन्मल्याशिवाय या खेळात काही होत नाही, हा समज आता सोडून द्यायला हवा. 2023 मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत मुलींच्या आयएलसीए 4 या एकटीने हाकायच्या लहान होडीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातली. ती शिकली भोपाळच्या तलावावर. तू पुढे मुंबईला किंवा आणखी कुठे जाऊन शिकावेस असे मलाही वाटते, आणि त्या वेळी शिफारसपत्र मीच लिहीन. पण नदीवर जे शिकता येते ते तिकडे इतक्या दाटीने मिळत नाही, आणि ते अजून तुझ्या अंगी पुरते उतरलेले नाही.

आपल्याकडे मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर जो पश्चिमेचा वारा सुटतो, तो सांगलीवाडीच्या अंगाने पात्र ओलांडत येतो. त्या काठाची झाडी आणि उंच दरड त्याला अडवतात, त्यामुळे त्या काठाला चिकटून जाणारी होडी जागच्या जागी थबकते. मध्यापलीकडे, सांगलीच्या घाटांच्या बाजूला, तोच वारा पुन्हा पाण्यावर उतरतो. पण तो सलग उतरत नाही. झाडांत जिथे जिथे फट आहे तिथून एकेक झोत येतो, आणि पाण्यावर काळसर सुरकुत्यांचा पट्टा पुढे सरकताना दिसतो. होडीत बसलेल्या माणसाला यांतले फारच थोडे दिसते, कारण त्याचे डोळे शिडाकडे, दोराकडे आणि शेजारच्या स्पर्धकाकडे लागलेले असतात. सेफ्टी बोटीत बसलेल्याला मात्र एकाच वेळी सगळ्या होड्या दिसतात: कोणाचे शीड आधी फुगले, कोणाचे फडफडले, एकाच झोताचा कोणी फायदा घेतला आणि कोणाला तो येऊन गेल्याचा पत्ताही लागला नाही. दुपारभर हे निरखणारी मुलगी पुढच्या रविवारी पाण्यात उतरते तेव्हा तिला कुठे वळायचे ते आधीच ठाऊक असते. तू ज्याला सराव म्हणतेस त्यात हे येत नाही.

वारा पात्राच्या रेषेत फिरला की गोष्ट आणखी रंगतदार होते. मग वाऱ्यावर चढताना, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने तिरके तिरके जाताना, दर थोड्या वेळाने काठ येतो आणि टॅक घ्यावाच लागतो, म्हणजे होडीचे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळावेच लागते. तुझ्या पलीकडे, तुझ्या वळणाच्या वाटेतच, दुसरी होडी असेल तर नियम तुला ओरडून जागा मागण्याचा हक्क देतो. ऐकणाऱ्याने एकतर स्वतः वळायचे किंवा ‘यू टॅक’ (तू वळ) असे उत्तर देऊन तुला वळू द्यायचे. समुद्रावरच्या शर्यतीत हा प्रसंग क्वचित येतो, आपल्याकडे तो प्रत्येक फेरीत येतो. वाद होतात तेही इथेच. मागच्या हंगामात तू आणि त्या दोघा भावांनी घाटावर उभे राहून केलेला तंटा मी ऐकला होता, आणि खरे सांगायचे तर तिघांपैकी कोणालाच तो नियम पूर्ण पाठ नव्हता. स्टार्ट लाईनवर निशाण घेऊन उभे राहिलीस की तो आपोआप पाठ होईल. पाच मिनिटांचा इशारा, चार मिनिटांचा, एक मिनिटाचा आणि मग सुटका, हा क्रम हातातल्या घड्याळाबरहुकूम पार पाडताना कोण रेषेअलीकडे दम धरून थांबतो आणि कोण उतावळेपणाने आधीच पलीकडे जाऊन परत येतो, हे समोर स्पष्ट दिसते.

प्रवाहाचेही तसेच आहे. हिवाळ्यात बंधाऱ्यामुळे पाणी इतके संथ असते की प्रवाह आहे हेच आपण विसरतो. मग कोयनेच्या पायथा वीजगृहातून सिंचनासाठी पाणी सुटते; तिथली दोन्ही जनित्रे चालू असली की 2,100 क्युसेक पाणी नदीत येते. काही काळाने ते आपल्यापर्यंत पोचते आणि पात्राच्या मध्यावर ओढ जाणवू लागते. अशा वेळी काठाजवळच्या उथळ पाण्यातून वर चढायचे आणि परतताना मध्य धरायचा, हे नावाड्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. वारा पूर्ण पडला आणि होडी मागे वाहू लागली, तर शर्यत चालू असतानाही नांगर टाकता येतो. नियमांत त्याला मुभा आहे, फक्त पुढे निघताना तो परत उचलून घ्यावा लागतो. तुमच्या होड्यांत नांगर ठेवायचा कंटाळा केला जातो, तो मला पसंत नाही.

सेफ्टी बोट म्हणजे रिकामे बसायची जागा, असे तुमच्या वयाच्या मुलांना वाटते. होडी उलटली की आधी डोकी मोजायची, होडीकडे नंतर पाहायचे. माणसाच्या जवळ पोचताच इंजिन बंद करायचे, कारण बुडण्याइतकाच पंख्याचाही धोका असतो. उलटलेल्याला स्वतः होडी सरळ करू द्यायची. तो दमला आहे की नुसता चिडला आहे, हे ओळखायला शिकायचे. वळवाच्या दिवसांत तर नजर आकाशावर हवी. ढग वर चढला, वारा अचानक थांबला आणि मळीतली, म्हणजे काठच्या गाळाच्या रानातली, धूळ उठलेली दिसली की शर्यत थांबवून सगळ्यांना काठावर घ्यायचे, मग पहिला येणारा कितीही कुरकुरो. हा निर्णय पाळीवरच्या माणसाचा असतो आणि त्या क्षणी अध्यक्षांनाही तो मोडता येत नाही. इतक्या लहान वयात एवढा अधिकार तुला दुसरीकडे कुठे मिळणार आहे?

नदी आपल्या एकट्याची नाही, ही गोष्टही पाळीवरच समजते. काठावर शेतकऱ्यांच्या उपशाच्या मोटारी आहेत, त्यांचे पाइप आणि केबल पाण्यात उतरलेले असतात. शर्यतीचा बॉय, म्हणजे वळणाची तरंगती खूण, टाकण्याआधी त्यांना सांगायचे असते आणि केबलजवळ होडी न्यायची नसते. पात्रावरून विजेच्या तारा गेल्या आहेत आणि आपल्या डोलकाठ्या ॲल्युमिनियमच्या आहेत, एवढे लिहिले तरी पुरे. कोळ्यांची जाळी कुठे आहेत ते सकाळी विचारून घ्यायचे. वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती आपल्या पट्ट्यात फार मानाच्या; त्यांचा सराव चालू असेल तेव्हा वाट त्यांची. त्या मंडळींच्या मनगटांपुढे आपण सगळे कागदी आहोत, हे कबूल करायला हरकत नाही.

मगरींबद्दल तुझ्या आईने मला विचारले होते, म्हणून स्वतंत्र लिहितो. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. थंडीत त्या उन्हाला काठावर पडून असतात. उन्हाळ्यात मादी अंड्यांची राखण करते, तेव्हा ती अधिक आक्रमक असते. म्हणून निर्जन मळीच्या कडेला होडी लावायची नाही, उतरायचे तर घाटावरच उतरायचे, आणि कुठे मगर दिसली तर पाळीच्या वहीत जागा व वेळ लिहून त्या दिवशी मुलांचे ऑप्टिमिस्ट, म्हणजे त्यांच्या छोट्या होड्या, पाण्यात सोडायचे नाहीत. भीतीने खेळ बंद करण्याची गरज नाही आणि फोटोसाठी जवळ जाण्याची तर मुळीच नाही.

केंदाळ (जलपर्णी) काढणे, फायबरच्या भेगा भरणे, दोर बदलणे, चहाचा हिशेब ठेवणे ही कामे कंटाळवाणी आहेत. ती कर, त्यांवर लिहिण्यासारखे काही नाही.

पुराचे मात्र लिहायला हवे. आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी मुलालाही माहीत असते; 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. 2005 आणि 2021 चे पूरही आपण विसरलेलो नाही. म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच होड्या उचलून वरच्या आवारात नेण्याचे काम होते, आणि त्या दिवशी जो येत नाही त्याला पुढच्या हंगामात होडी मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर आला की आपल्या शिडाच्या होड्या निरुपयोगी असतात. त्या घेऊन कोणी शौर्य दाखवायला निघू नये. आपल्याकडे देण्याजोगी असतात ती लाइफ जॅकेटे, दोर आणि पाण्याची सवय असलेले हात, आणि तीही प्रशासन सांगेल तिथे, सांगेल तशी. 2019 मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. बोटीत माणसे तिच्या क्षमतेपेक्षा जास्त होती. तेव्हापासून आपल्या कोणत्याही होडीत, घाटाला बांधलेली असली तरी, जॅकेटशिवाय पाऊल ठेवू देत नाहीत आणि बसणाऱ्यांची मोजणी मोठ्याने करतात. तुमच्यातल्या काहींना तो म्हाताऱ्यांचा हट्ट वाटतो. पाळीवर असताना हा हट्ट तुला चालवावा लागेल, आणि समोर तुझेच मित्र असतील.

तुझ्या पत्रात आणखी एक तक्रार होती, की लहान मुले शेवटी येऊनही बक्षीस घेऊन जातात. वेगवेगळ्या जातीच्या होड्या एकत्र पळवायच्या तर दुसरा मार्ग नाही. पोर्ट्समथ यार्डस्टिकप्रमाणे प्रत्येक प्रकाराला एक आकडा असतो. लागलेल्या वेळाला हजाराने गुणून त्या आकड्याने भागले की तुलनेचा वेळ निघतो. होडी जितकी संथ तितका आकडा मोठा. ऑप्टिमिस्ट जेमतेम 2.3 मीटर लांबीचा, त्यात बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाने तुझ्या मागे बराच वेळ येऊनही तुला हरवले असेल, तर त्याने त्याची होडी तुझ्यापेक्षा चांगली हाकली, एवढाच त्याचा अर्थ. हा हिशेब पुढच्या वेळी तू स्वतः मांड. आणि तुझ्या होडीच्या त्याच सांगाड्यावर आयएलसीए 4 चे 4.7 चौरस मीटरचे आणि आयएलसीए 6 चे 5.76 चौरस मीटरचे शीड, आपापल्या डोलकाठीच्या खालच्या भागासह, चढवता येते, हे लक्षात घे. तुझ्या वजनाला सध्या लहान शीडच योग्य आहे. मोठे शीड घेऊन वाऱ्याशी झुंजत बसण्यापेक्षा लहान शिडाने होडी सपाट ठेवून चालवलेली बरी. क्लबकडे दोन्ही शिडे आहेत, किल्ली कपाटात असते.

हंगामाचा पाळीचा तक्ता या आठवड्यात लावायचा आहे. पहिला, तिसरा आणि पाचवा रविवार मी तुझ्या नावापुढे पेन्सिलीने लिहिला आहे. कॉलेजच्या परीक्षेशी कोणता आड येत असेल तर गुरुवारपर्यंत कळव, म्हणजे अदलाबदल करता येईल. पहिल्या रविवारी सेफ्टी बोटीवर मी बरोबर असेन. येताना टोपी, शिट्टी आणि पाण्यात भिजणार नाही असे घड्याळ आण. आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका